दानशूर, सखी आणि म्युनिफिसंट : एका विशेषणाची तपासणी

आपल्याकडच्या शाळांच्या स्मरणिका, मशिदींच्या जीर्णोद्धाराची पत्रके, सत्कार समारंभांची निवेदने आणि वार्षिकांकांतले श्रद्धांजलीपर लेख एकत्र ठेवून वाचले, तर एक विशेषण सगळीकडे सारखे भेटते. ते म्हणजे ‘दानशूर’. वर्गखोली बांधून देणारे दानशूर, बोअरवेल खोदून देणारे दानशूर, इफ्तारचा खर्च उचलणारेही दानशूर. आखातात वीस-पंचवीस वर्षे राबून परतलेला आणि शाळेला चार पंखे देणारा गृहस्थ दानशूर, आणि मुंबईत इमारतींमागून इमारती उभ्या करणारा बिल्डरही दानशूर. एकच टोपी सर्वांच्या डोक्यावर बसवली, की ती कोणालाच नीट बसत नाही. या शब्दाचे तसेच झाले आहे.

प्रस्तुत लेखात मला या शब्दाची आणि त्याच्या इंग्रजी जोडीदाराची, म्हणजे ‘म्युनिफिसंट’ या विशेषणाची, तपासणी करायची आहे. मोठ्या देणगीचा उल्लेख करताना इंग्रजी अहवालांत आणि कोनशिलांवर हे विशेषण हमखास वापरले जाई. आपण त्याचे मराठी करताना ‘दानशूर’ हा शब्द उचलला. मात्र तो उचलताना मूळ शब्दाच्या पोटातली एक महत्त्वाची गोष्ट गळून पडली, असे मला वाटते. ती कोणती, हे पाहिले तर आपल्या लेखनाची एक सवयही उघड होते. देणाऱ्याला विशेषण मिळते तेव्हा घेणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. भाषेच्या प्रश्नाआड माणसांच्या इज्जतीचा प्रश्न दडलेला आहे.

एका अर्थाचे चार शब्द

शाळकरी इंग्रजी-मराठी कोश उघडला, तर ‘जनरस’, ‘लिबरल’, ‘चॅरिटेबल’ आणि ‘म्युनिफिसंट’ या चारही शब्दांसमोर थोड्याफार फरकाने उदार, दानशूर, दानशील असेच अर्थ सापडतात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण हे चार शब्द चार वेगळ्या घरांतून आलेले आहेत.

‘जनरस’चे मूळ लॅटिन भाषेत ‘कुलीन, खानदानी’ असे आहे. उच्च कुळातला माणूस मोठ्या मनाचा असणारच, या समजुतीतून पुढे त्याला ‘उदार’ हा अर्थ चिकटला. ‘लिबरल’च्या मुळाशी ‘स्वतंत्र’ हा अर्थ आहे : जो गुलाम नाही त्याला शोभणारे वागणे. ‘चॅरिटेबल’च्या मुळाशी माया आहे, जिव्हाळा आहे. आणि ‘म्युनिफिसंट’च्या मुळाशी ‘मुनुस’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचे अर्थ दोन : एक देणगी आणि दुसरा कर्तव्य, सार्वजनिक जबाबदारी. रोमन समाजात ज्याच्याकडे पद आणि पैसा असे, त्याने नगरासाठी काही करणे अपेक्षित असे. त्याने भरवलेल्या खेळांनाही ‘मुनुस’च म्हणत.

या मुळाचे गोत मोठे आहे. ‘म्युनिसिपालिटी’ याच मुळातून आली. ‘कम्युनिटी’ म्हणजे ज्यांच्या जबाबदाऱ्या सामाईक आहेत ते. करोनाच्या साथीत घराघरांत पोचलेला ‘इम्युनिटी’ हा शब्दही त्याच घरातला. मूळ अर्थ जबाबदारीतून सूट मिळालेला. म्हणजे म्युनिफिसंट दाता, नगरपालिका आणि समाज ही तिन्ही नावे एकाच कुटुंबातली आहेत, आणि त्या कुटुंबाचे आडनाव ‘कर्तव्य’ असे आहे.

वापराचा भागही ध्यानात घ्यायला हवा. ‘जनरस’ कोणीही असू शकतो. आठवीच्या वर्गात या शब्दाची वाक्ये करायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी श्रीमंत माणसावर वाक्य केले. एका मुलीने मात्र लिहिले की तिची दादी माशाचे मधले तुकडे मुलांना वाढते आणि डोके-शेपटी स्वतःच्या ताटात घेते, म्हणून दादी ‘जनरस’ आहे. त्या मुलीने शब्द अचूक ओळखला होता. पण त्याच वाक्यात ‘म्युनिफिसंट’ घातले, तर वाचणारा हसेल. कारण तो शब्द रकमेचा आकार पाहतो. मोठी देणगी, मोठा निधी, मोठी इमारत असेल तिथेच तो शोभतो. ‘लॅव्हिश’ हा त्याच्या शेजारचा शब्द तर उधळेपणाकडे झुकतो.

हा भेद जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात पैशाच्या व्यवहारातले दोन सद्गुण वेगळे केले. एक साधी उदारता. तिचे माप देणाऱ्याच्या ऐपतीवर आणि वृत्तीवर ठरते. थोडे देणारा अधिक उदार असू शकतो. दुसरा सद्गुण मोठ्या सार्वजनिक खर्चाचा. तो गरिबाला साधणारच नाही, असे तो स्पष्ट सांगतो. इंग्रजीतले ‘जनरस’ आणि ‘म्युनिफिसंट’ या दोन पायऱ्यांवर उभे आहेत. आपण मराठीत दोन्ही पायऱ्या एक केल्या.

कर्तव्याचा वीररस

आता ‘दानशूर’ शब्द पाहू. दान आणि शूर. शौर्याचा आणि देण्याचा संबंध आपल्या परंपरेत जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीररसाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत युद्धवीर आणि धर्मवीर यांच्याबरोबर दानवीरही आहे. पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी दयावीर हा आणखी एक प्रकार जोडला. म्हणजे दान हे रणांगणासारखे धैर्याचे काम आहे, असे मानले गेले. कर्ण हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. अंगाला चिकटलेली कवचकुंडले काढून देणे, हे खरोखर शौर्यच होते. त्यात जीव जाण्याचा धोका होता. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंचे ‘राधेय’ (१९७३) या दोन कादंबऱ्यांनी मराठी वाचकाच्या मनात कर्ण पक्का बसवला, तो त्याच्या दातृत्वासह.

कर्णाच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. ‘जनरस’चा मूळ अर्थ कुलीन. आणि कर्णाला भर सभेत हिणवले गेले ते कुळावरूनच. ज्याला कुलीन मानायला जग तयार नव्हते, त्याचे नाव दातृत्वाला मिळाले. शब्दाच्या इतिहासाला कथेने दिलेले हे उत्तरच म्हणायचे.

पण वर्गखोलीला रंग देण्यात शौर्य कुठले? ज्याच्या खात्यात शिल्लक आहे, त्याने त्यातली काही रक्कम गावासाठी दिली, ही चांगली गोष्ट आहे. पण ती धोक्याची नाही. तिला ‘शूर’ म्हटले, की कर्तव्याचा पराक्रम होतो. मग पराक्रमाला पोवाडा लागतो, पोवाड्याला व्यासपीठ लागते, आणि व्यासपीठावर समोर उभे करायला कोणीतरी गरीब लागतो. एका विशेषणामागे ही सगळी वरात येते.

जकात आणि खैरात यांचे काय झाले?

इंग्रजी शब्दाच्या पोटातले हे कर्तव्य आपल्याला परके असायचे कारण नव्हते. आपल्याकडे जकात आहे. अरबीत या शब्दाच्या मुळाशी शुद्ध होणे आणि वाढणे हे अर्थ आहेत. निसाब पुरा असलेल्याने वर्षाकाठी शिलकीच्या अडीच टक्के काढायचे. ती मेहरबानी नव्हे, गरिबाचा ठरलेला हक्क आहे, ही शिकवण मोहल्ल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. जकात देणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही. नमाज पढणाऱ्याला तरी कोण म्हणतो?

मराठी भाषेत मात्र या शब्दाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. मध्ययुगीन राजवटींत मालावरच्या महसुलाला ‘जकात’ म्हणू लागले आणि मराठीत तोच अर्थ रुजला. बिगरमुस्लिम मराठी माणसाला ‘जकात’ म्हटले की नाका आठवतो, ट्रकांची रांग आठवते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतली जकातही संपली. शब्द मात्र त्याच अर्थाने लोकांच्या तोंडी राहिला. गंमत अशी की, या कराचे इंग्रजी नाव ‘ऑक्ट्रॉय’ हेही फ्रेंचमधल्या ‘बहाल करणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आले आहे. दोन भाषांतले देण्याचे दोन शब्द नाक्यावर येऊन घेण्याचे झाले.

‘खैरात’ची दशा याहून वाईट. मूळ अर्थ सत्कृत्ये, भलाईची कामे. मराठी वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या वेळी ‘आश्वासनांची खैरात’ होते, परीक्षेच्या वेळी ‘गुणांची खैरात’ होते, क्रिकेटमध्ये ‘धावांची खैरात’ होते. म्हणजे लायकी न पाहता वाटलेली वस्तू. उर्दूतही खैरात शब्दाला भिकेचा वास लागलेला आहेच, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही. पण परिणाम असा झाला की, मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाजवळ कर्तव्यबुद्धीने देण्यासाठी हाताशी शब्दच उरला नाही. ‘जकात’ लिहिले तर कर समजला जातो, ‘खैरात’ लिहिले तर उधळपट्टी. राहिला ‘दानशूर’. तो तयार होता, भारदस्त होता, म्हणून आपण तो उचलला.

उर्दूतले उरलेले शब्दही मराठीत येताना अडखळतात. ‘सखी’ म्हणजे दाता. मराठीत ती मैत्रीण होते. ‘फय्याज’च्या मुळाशी पाणी भरून वाहण्याची कल्पना आहे; म्युनिफिसंटला आकाराच्या दृष्टीने तो जवळचा. मराठीत ते फक्त माणसाचे नाव उरले. ‘करीम’ हा शब्द तर ‘जनरस’चा सख्खा भाऊ : थोर आणि उदार, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. उलट दिशेने पाहिले तर उर्दूने आपला सर्वांत आदराचा शब्द संस्कृतातून घेतला. लाहोरचे अकराव्या शतकातले सूफी अली हुजवेरी यांना लोक ‘दाता’ म्हणतात. शब्दांना सरहद्द नसते. त्यांना फक्त कोणी नीट वापरणारा लागतो.

तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी फारसीत लिहिलेल्या ‘अखलाक-ए-नासिरी’ या ग्रंथात सखावतीच्या पोटात अनेक गुण वेगळे दाखवले आहेत. त्यांत करम आहे, मुवासात म्हणजे आपल्या वाट्यात दुसऱ्याला सामील करून घेणे आहे, आणि ईसार आहे. ईसार म्हणजे स्वतःला गरज असताना दुसऱ्याला पुढे करणे. दादीच्या माशाच्या तुकड्याला हा शब्द नेमका बसतो. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेतला हमीद आठवा. खिशात तीन पैसे, भोवती मिठाई आणि खेळणी, आणि तो घेतो दादीसाठी चिमटा, कारण तव्यावर तिचे हात भाजतात. हमीदला दानशूर म्हणता येईल का? जीभ वळणार नाही. पण या कथेइतके देण्याचे वजन कुठल्या कोनशिलेत आहे? आपल्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी. त्यांच्या ‘श्यामची आई’त म्हातारीच्या डोक्यावरून पडलेली मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. तिथे तर पैशाचा व्यवहारच नाही.

आणि हातिम. तय्य कबिल्याचा हा कवी इस्लामपूर्व काळातला, सहाव्या शतकातला. सीरतच्या ग्रंथांत येते की, त्याची कन्या कैद होऊन मदिनेत आली आणि तिने आपल्या पित्याची सखावत सांगितली, तेव्हा हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी तिला सन्मानाने मुक्त केले. जो मुसलमान नव्हता त्याचे नाव अवघ्या मुस्लिम जगात दातृत्वाची म्हण होऊन बसले. फारसी-उर्दू किस्से आणि मुंबईचे सिनेमे यांच्यामार्गे ‘हातिमताई’ मराठीतही आला. उदारता ही एका जमातीची मालमत्ता नाही, हे त्या एका नावात आले. आपल्या स्मरणिकांतून ‘समाजाचे दानशूर’ असा शब्दप्रयोग वाचला, की मला हातिम आठवतो.

मुरुडचा धडा

हे सगळे शब्दांचे झाले. व्यवहारातले उदाहरण शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. ज्या मुरुडमध्ये मी राहतो ते जंजिऱ्याचे मुरुड नव्हे, दापोली तालुक्यातले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८५८ साली जन्मलेल्या कर्व्यांनी हयातभर दोन कामे केली : शिकवणे आणि मागणे. गावाच्या सार्वजनिक कामांसाठी त्यांनी मित्रांच्या साथीने ‘मुरुड फंड’ उभा केला. पुढे १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्यासाठी रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० साली आश्रम तिथे गेला. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली. विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज लोक त्याला एसएनडीटी म्हणतात.

म्युनिफिसंट हे विशेषण या १५ लाखांना निर्विवाद लागू पडते. पण ७५० रुपयांना कोणते विशेषण लावायचे? रकमेच्या मापाने ती देणगी ठाकरसींच्या देणगीचा दोन हजारावा भाग भरते. तरी पहिली झोपडी त्या पैशाची आहे. तेव्हा पुण्याच्या समाजात विधवांच्या आश्रमाला जमीन देणे म्हणजे लोकांचा रोष ओढवून घेणे होते. ‘शूर’ शब्दाला थोडी तरी जागा कुठे असेल, तर ती तिथे आहे. आणि ज्यांनी कर्व्यांच्या हातावर आठ आणे, रुपया ठेवला, त्यांना तर कोणतेच विशेषण मिळाले नाही. त्या लहान वर्गण्यांवर संस्था तगली नसती, तर १५ लाख यायला ती शिल्लकच राहिली नसती. इतिहास लिहिताना शेवटचा मोठा आकडा पहिल्या ओळीत येतो. काम मात्र पहिल्या लहान आकड्यापासून सुरू झालेले असते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला. त्यासाठी जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच : या रस्त्यावरून जाणाऱ्याकडून पथकर घ्यायचा नाही. मला ही अट त्या रकमेहून मोठी वाटते. देणारीने घेणाऱ्यांना मोजलेच नाही. रस्त्यावरून कोण गेला, त्याचा धर्म कोणता, तो गरीब की श्रीमंत, त्याने आभार मानले की नाही, याची नोंद कुठेच नाही. ‘मुनुस’ शब्दातले दोन्ही अर्थ, देणगी आणि नगराचे कर्तव्य, या एका अटीत एकत्र आले आहेत.

आपल्या समाजातही अशी परंपरा आहे. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन झाली, तेव्हा बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर कोकणी मुसलमानांपैकी नाखुदा मुहम्मद अली रोगे हेही त्या कामात होते. जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज १९३० चे. सर मुहम्मद युसूफ यांच्या देणगीतून उभे राहिलेले, आणि नाव दिले वडिलांचे. ठाकरसींनी आईचे नाव दिले, राजाबाई टॉवरला पैसे देणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनीही आईचेच. ज्यांच्यापासून आपल्याला मिळाले त्यांच्या नावाने पुढे देणे, यात दाता एक पाऊल मागे सरकतो. वक्फ या शब्दाचा मूळ अर्थ तर ‘थांबवणे’ असाच आहे. मालमत्तेची खरेदी-विक्री, वारसा, वाटणी सगळे तिथे थांबते. देणाऱ्याचा मालकी हक्कही थांबतो.

आपल्या लेखनात घेणारा कुठे आहे?

आता साहित्याकडे वळतो. आपल्या कथांमधून दाता बहुधा दोनच रूपांत येतो. एक तर तो फरिश्ता असतो : अखेरच्या पानावर येतो, फी भरतो, ऑपरेशनचा खर्च करतो आणि कथा संपवतो. किंवा तो ढोंगी शेठ असतो : हज करून आलेला, एका हाताने वाटणारा आणि दुसऱ्या हाताने लुबाडणारा. पहिल्या रूपात भाबडेपणा आहे, दुसऱ्यात राग आहे. दोन्हींत घेणारा मुका आहे. त्याला फक्त डोळे असतात, आणि ते पाणावलेले असतात. मदत घेताना त्याच्या मनात काय चालले, त्याने कोणती मदत नाकारली, परत कधी आणि कशी केली, हे लिहिणारे हात थोडे आहेत. कथाकाराने ‘उदार’ हे विशेषण दात्याला बहाल केले, की त्याचे काम संपते. खरे तर तिथून कथा सुरू व्हायला हवी.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आमच्या किनाऱ्याची कौले, पत्रे उडवले. पोफळी-माडांच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदी आधीच चालू होती. त्या दिवसांत मदत पुष्कळ आली, सर्व समाजांकडून आली. ताडपत्री, तांदूळ, मेणबत्त्या आल्या. त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण त्याबरोबर छायाचित्रेही काढली गेली : पिशवी देणारे पाच हात आणि घेणारा एक चेहरा. तो चेहरा आठ दिवसांपूर्वी बागायतदार होता, रिक्षावाला होता, कोणाचा तरी बाप होता. छायाचित्राखालच्या ओळीत मात्र देणाऱ्यांची नावे ‘दानशूर’ या विशेषणासह होती आणि तो होता ‘गरजू’. त्याच्या मुलांच्या वर्गमित्रांनी ते मोबाईलवर पाहिले असणार. शिक्षक म्हणून मला त्या मुलाचा विचार आधी येतो.

सूरह अल-बकरामध्ये (आयत २६४) ताकीद आहे की उपकाराची आठवण करून देऊन आणि दुखवून आपले दान वाया घालवू नये. इथे घेणाऱ्याच्या मनाला दानाच्या हिशेबात धरले आहे. रक्कम तीच राहते. पण घेणारा दुखावला तर दान शून्य होते. हा हिशेब ‘म्युनिफिसंट’ला येत नाही, ‘दानशूर’लाही येत नाही. दोन्ही विशेषणे देणाऱ्याकडे तोंड करून उभी आहेत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जाहीर कौतुकाने इतरांना देण्याची प्रेरणा मिळते. संस्था चालवणाऱ्यांना विचारा. त्याच सूरहमध्ये (आयत २७१) उघड देण्यालाही चांगले म्हटले आहे, गुपचूप देणे अधिक चांगले असले तरी. शिवाय सार्वजनिक पैशाचा हिशेब जाहीर झालाच पाहिजे. नाव लपवण्याच्या आडून गैरव्यवहारही होतात. हे मला मान्य आहे. पण हिशेब जाहीर करणे आणि माणूस जाहीर करणे यांत फरक आहे. रक्कम छापा, देणाऱ्याचे नाव छापा, खर्चाचा तपशील छापा. घेणाऱ्याचा चेहरा छापू नका. आणि देणाऱ्याच्या नावामागे विशेषण लावण्याऐवजी त्याने काय केले तेवढे वाक्य लिहा. ‘दानशूर अमुक शेठ’ यापेक्षा ‘अमुक यांनी दोन खोल्या बांधून दिल्या, त्यांत आज साठ मुले बसतात’ हे वाक्य अधिक सन्मानाचे आहे. त्यात दाताही आहे आणि मुलेही आहेत.

लेखकांना माझी विनंती याहून थोडी पुढची आहे. ‘जकात’, ‘ईसार’, ‘सखावत’, ‘फय्याज’ हे शब्द मराठीत लिहायला संकोचू नये. वाक्य नीट बांधले तर अर्थ वाचकाला आपोआप कळतो. तळटीप लागत नाही. मराठीने जकात घेतली, खैरात घेतली, मेहरबानी घेतली. तिला हे चार शब्द जड होणार नाहीत. उलट कर्तव्य म्हणून देणे, गरज असताना देणे आणि भरभरून देणे या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द मिळतील. ‘दानशूर’ शब्दही मग मोडीत काढायला नको. जिथे देण्यात खरोखर धोका पत्करला असेल, तिथे तो राखून ठेवावा. हिंगण्याच्या सहा एकरांसाठी तो चालेल. पंख्यांसाठी नको.

यंदाच्या स्मरणिकेचे काम ज्यांच्याकडे असेल, त्यांनी एवढे करून पाहावे : छापायला देण्यापूर्वी मजकुरातला ‘दानशूर’ हा शब्द जिथे जिथे येतो तिथे खूण करावी, तो काढून टाकावा, आणि रिकाम्या जागेत त्या देणगीने कोणाचे काय झाले, हे त्या माणसाला न दुखवता एका ओळीत लिहावे. काही ठिकाणी ओळ सहज सुचेल. काही ठिकाणी लिहिण्यासारखे काही सापडणार नाही. ती जागा मोकळी राहिली तर राहू द्यावी.